पावसात कुणाला फॉलो करावं?

जूनचा पहिला काळा ढग दिसला की मुंबईकराने छत्री शोधायच्या आधी फोन काढावा आणि पावसाच्या बातम्यांसाठी एक्सवरचा आपला गुरू ठरवून टाकावा. ऐन पावसात धावाधाव नको.

आधी निळी टिक बघा. एप्रिल 2023 मध्ये एक्सने (तेव्हाच्या ट्विटरने) जुन्या फुकटच्या टिका काढल्या. आता पैसे भरले की टिक. म्हणजे हा माणूस पदरमोड करून आपल्याला बातम्या देतोय! याहून तळमळ ती कसली?

मग भाषा बघा. ‘सांताक्रूझला सकाळी साडेआठपर्यंत इतके मिलिमीटर’ असं लिहिणारा कामाचा नाही. कुठे, कधी, किती, या चौकशा तलाठ्याने कराव्यात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला 75 सुद्धा नव्हता. असला घोळ घालत बसलं तर ‘मुंबई बुडाली!!’ लिहायचं कधी?

व्हिडिओ तर हवाच. दादरच्या हिंदमाताला कमरेएवढं पाणी, त्यात प्रीमियर पद्मिनी टॅक्सी बंद पडलेली, दोघे जण मागून ढकलतायत, वर ‘आत्ताची दृश्यं’. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्येच मुंबईच्या रस्त्यावरून गेली, असं एखादा आगाऊ माणूस खाली लिहील. त्याला ब्लॉक करा. पाणी खरं आहे ना? मग वर्षाचं काय घेऊन बसलात? (तसा त्या पाण्याला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर जुलैत पूर येतो.)

काही हौशी मंडळी रात्री जागून रडारची चित्रं टाकतात आणि ‘शक्यता’ म्हणतात. शक्यता काय, आमचा वडापाववालाही वर्तवतो. त्यात हे लोक दुसऱ्या दिवशी ‘कालचा अंदाज चुकला, कारण असं असं’ म्हणून चक्क लिहितात. लाज नाही! खऱ्या गुरूचा अंदाज कधी चुकत नाही. दुपारपर्यंत ती पोस्टच दिसत नाही, आणि संध्याकाळी ‘मी सांगितलंच होतं’ येतं.

पालिकेचा 1916 नंबर आहे म्हणतात. पण तिथे लाइक करता येत नाही.

तर गुरू ठरला की घंटी दाबा आणि रेल्वेचं अधिकृत खातं म्यूट करून टाका. गाड्या वीस मिनिटं उशिरा धावतायत, एवढंच सांगून ते उगाच रंगाचा बेरंग करतं.