झूमच्या आकड्याला भुलू नका

"बजेटमध्ये जास्तीत जास्त एक्स मिळेल तो कॅमेरा घ्या" (एक्स म्हणजे झूम किती पट) हे सुपरझूम कॅमेऱ्यांवरच्या लेखातलं वाक्य मला साफ चुकीचं वाटलं. मी नेमकं तेच केलं होतं. ६५ एक्सचा कॅमेरा घेऊन भिगवणला गेलो, पहाटे होडीत बसलो, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) समोर, आणि घरी येऊन बघतो तर निम्मे फोटो हललेले. कारण सोपं आहे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) नावाला १/२.३ इंची, प्रत्यक्षात जेमतेम ६ मिमी रुंद, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्यात झूम पूर्ण ताणला की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याचं छिद्र, एफ/६.५ वर येतं (एफचा आकडा मोठा, तेवढा उजेड कमी). उजेड कमी, मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा, म्हणजे फोटो दाणेदार, नाहीतर शटर मंद करा, म्हणजे फोटो हलणार. डुलत्या होडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) तरी किती पुरणार? ऊन चढल्यावर उजेड मिळतो, पण तोवर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि पक्षी वितळल्यासारखे दिसतात. (चंद्राचे फोटो मात्र झकास येतात, तेवढं मान्य!)

लेखात पॅनासॉनिक एफझेड३०० या कॅमेऱ्याचा उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं. झूम फक्त २४ एक्स, पण ६०० मिमीपर्यंत, म्हणजे झूम पूर्ण ताणला तरी, एफ/२.८ कायम, म्हणजे एफ/६.५ च्या पाचपट उजेड. आता जुना झालाय, सेकंडहँड शोधावा लागेल. घेताना दुकानातच लेन्स पूर्ण बाहेर काढून व्ह्यूफाइंडरमधून बघा, झूमचा आवाज ऐका, लेन्सच्या आत बुरशी नाही ना तेही तपासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते.