दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर: पांढरे मागितले, हिरवे का मिळाले

नमस्कार काका,

अभिप्राय मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच देते. मुलाच्या नाहीतर भाचीच्या लग्नाला एडिनबरात येणारी बरीच मराठी मंडळी किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा) भाड्याने घेण्याआधी हे वाचतात, त्यांच्याही कामी येईल. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काळ्या प्रिन्स चार्ली जाकिटाबरोबर तुम्ही पांढरेशुभ्र मोजे मागितले आणि आम्ही बाटलीहिरवे गळ्यात मारले. मुलाला पांढरे आणि बापाला हिरवे, हा कुठला न्याय? वर पायांना 'लाल झेंड्या' लावल्या. मोजे टोचले, रात्री 'केली' या स्कॉटिश समूहनाचात घसरून घोट्यावर आले, आणि शेवटी डिपॉझिटमधून पैसेही कापले.

पांढरे मोजे आमच्याकडे आहेत, सगळ्या मापांत आहेत. खरं सांगायचं तर दुकानदार म्हणून मला तेच देणं सर्वांत सोयीचं. टार्टन, म्हणजे किल्टचं चौकड्यांचं कापड, कुठलंही असो, पांढरा चालून जातो. एकच रंग साठवायचा, सगळे एकत्र धुवायचे, गिऱ्हाइकाशी चर्चा नको. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाड्याच्या दुकानांनी पांढरे मोजे घरोघरी पोचवले ते याच सोयीपायी, आणि पाइप बँडवाल्यांनीही ते उचलले. त्यामुळे फोटोंत तेच दिसतात आणि पाहुण्यांना वाटतं, हाच नियम. इथले जुने, पोशाखाबाबत काटेकोर लोक मात्र पांढऱ्याशुभ्र मोज्यांना नाकं मुरडतात. मला त्यांच्याइतका राग नाही. पण काळ्या जाकिटाखाली, गडद किल्टखाली ट्यूबलाइटसारखा पांढरा रंग आला की बघणाऱ्याची नजर थेट पोटऱ्यांवर जाते. शेरवानीखाली पीटीचे कॅनव्हास बूट घालावेत, तसं ते दिसतं.

तुमच्या चिरंजीवांचे मोजे पांढरे नव्हते, क्रीम होते. फोटोत फरक कळत नाही हे मान्य. त्यांचा वेस्टकोट क्रीम, नवरीच्या गाऊनची लेसही क्रीम, म्हणून ते जुळले. तुमचा वेस्टकोट काळा होता.

आता हिरवे का, ते सांगते. मोजे सगळ्यांत शेवटी निवडायचे असतात. आधी कार्यक्रम किती वाजता आहे आणि जाकीट कोणतं, हे ठरतं. दिवसाचं लग्न आणि ट्वीडचं जाकीट असेल तर मोजे जाड विणीचे, मातकट रंगाचे चालतात: लोव्हॅट नावाचा तो करडा-हिरवा, ओटमील, गंजासारखा तांबूस. संध्याकाळी काळं जाकीट आणि बो टाय आला की वीण बारीक हवी आणि रंग शांत हवा. त्याहून वरचा थाट म्हणजे डब्लेट हे जुन्या घाटाचं अंगाबरोबर बसणारं जाकीट आणि गळ्याशी लेसची झालर, म्हणजे झबो. तिथे टार्टनचे किंवा चौकटींचे मोजे शोभतात, पण ते महाग असतात आणि पहिल्यांदा किल्ट घालणाऱ्याला मी ते सहसा सुचवत नाही.

जाकीट ठरल्यावर टार्टनकडे बघायचं, आणि त्यातला सर्वांत भडक रंग न घेता मागे राहणारा एखादा रंग उचलायचा. तुम्ही ब्लॅक वॉच घेतलं होतं. कुठल्याही स्कॉटिश घराण्याशी नातं नसलेल्या माणसाने निर्धास्तपणे नेसावं असं ते टार्टन, आणि त्यात रंग तीनच: गडद निळा, काळा, हिरवा. काळे मोजे घातले असते तर ब्रोगपासून, म्हणजे किल्टवरच्या काळ्या बुटापासून, गुडघ्यापर्यंत सगळा पाय एकच काळा खांब दिसला असता, शिवाय काळे मोजे इथे काही जण अंत्यविधीसाठी राखून ठेवतात. निळा दिव्यांच्या उजेडात काळाच वाटतो. उरला हिरवा. ट्रायलच्या दिवशी एका पायात पांढरा आणि एका पायात हिरवा घालून तुम्हाला आरशासमोर उभं केलं होतं. काकूंनी हिरव्याकडे बोट दाखवलं आणि तुम्ही "बरं" म्हणालात. ते "बरं" मनापासून नव्हतं हे आता कळलं, पण त्या दिवशी मी तरी ते होकार म्हणूनच लिहून घेतलं.

लाल झेंड्यांविषयी. मोज्याच्या घडीखाली जी कापडी टोकं लोंबतात त्यांना फ्लॅश म्हणतात. ती ज्या इलॅस्टिकच्या पट्ट्यावर शिवलेली असतात तो पट्टाच मोजा धरून ठेवतो, तेव्हा ती नुसती शोभेची नाहीत. तुमच्या सगळ्या पोशाखात एकही उजळ रंग नव्हता, म्हणून लाल दिला. याला आधारही आहे. पूर्वी ब्लॅक वॉच रेजिमेंटचे सैनिक त्याच गडद किल्टखाली लाल-काळ्या चौकटींचे मोजे आणि लाल फ्लॅश घालायचे.

चौकटींचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर करते, कारण मला स्वतःला हा भाग फार आवडतो. हल्लीचे किल्टचे मोजे विणलेले असतात, पण पूर्वी हायलंडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, ते टार्टनच्या कापडातून बेतून शिवायचे. कापड सरळ कापलं तर ते ताणत नाही आणि पोटरीवर बसत नाही, म्हणून तिरकं कापायचे. तिरकं कापलं की टार्टनच्या चौकटी कोनावर उभ्या राहतात आणि चौकोनाचा शंकरपाळा होतो. गोल्फ खेळणाऱ्यांच्या स्वेटरवर आणि मोज्यांवर दिसणारं ते आर्गाइल डिझाइन इथूनच आलं, आर्गाइलच्या कॅम्पबेल घराण्याच्या टार्टनवरून. अठराव्या शतकातल्या सरदारांची तैलचित्रं इथल्या संग्रहालयांत बघा, पायांत लाल-पांढऱ्या चौकटी भरपूर सापडतील. 1746 च्या कायद्याने हायलंडचा पोशाखच बंद केला, तो 1782 मध्ये पुन्हा मोकळा झाला. मग 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला आणि इथल्या दरबारात किल्ट नेसला, आणि खाली गुलाबी, अंगाच्या रंगाच्या तंग विजारी. लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पुढे डेव्हिड विल्की या चित्रकाराने त्याचं चित्र काढताना त्या विजारी गुपचूप गाळल्या आणि पायांत व्यवस्थित मोजे रंगवले. पायांवरून बोलणी खाणारे तुम्ही पहिले नाही, काका.

मोजे घसरले त्याचं कारण तुम्ही अभिप्रायाबरोबर टाकलेल्या फोटोतच आहे. त्यात मोजा फुटबॉल खेळाडूसारखा थेट गुडघ्याच्या वाटीपर्यंत ओढलेला दिसतो आणि इलॅस्टिक पोटरीच्या फुगीर भागावर आलेलं आहे. तिथे ते टिकूच शकत नाही, चालताना आपोआप खाली सरकतं, आणि नाचात तर हमखास. वाटीखाली तीन बोटं मोकळी सोडायची. त्याच्या जरा खाली, पोटरी सुरू होण्याआधी पाय जिथे बारीक होतो, तिथे इलॅस्टिक बांधायचं आणि मग मोज्याचा वरचा भाग त्यावर दुमडायचा. घडीखालून फ्लॅशचं टोक इंच-दीड इंच, पायाच्या बाहेरच्या बाजूला दिसलं पाहिजे. किल्टची कड गुडघ्याच्या मध्यावर आणि मोज्याची घडी वाटीखाली, मधला पाय उघडाच ठेवायचा असतो. थंडी वाजते म्हणून तो झाकायला गेलं की सगळंच बिघडतं. हे दुकानात दाखवलं होतं आणि पिशवीत चित्रासकट कागदही होता. पण लग्नघरात कागद कोण वाचतं, हेही मला ठाऊक आहे. बुटांच्या लांब नाड्यांचंही तेच. घोट्याभोवती गुंडाळून बांधल्या की पुरे, पोटरीवर वर-वर चढवल्या की मोज्यावर वळ उठतात.

टोचण्याबाबत: मोज्यांत लोकर आहे, थोडं नायलॉन आहे. कातडी नाजूक असेल तर मरिनो लोकरीचे मिळतात, भाडं किंचित जास्त पडतं. आत पातळ सुती मोजे घालायचे असतील तर बूट अर्धा नंबर मोठा मागून घ्या.

मोज्यात खोचायची सुरी प्लॅस्टिकची का, हा प्रश्नही तुम्ही जाता जाता टाकला आहे. खरी स्किअन डू राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगायला इथला कायदा मुभा देतो. पण भाड्याचं सामान घेऊन पाहुणे दुसऱ्या दिवशी विमानतळावर जातात, आणि हँडबॅगेत खरं पातं सापडलं की पुढचा फोन मला येतो. म्हणून प्लॅस्टिक. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या मोज्यात ठेवायची, मुठीचं टोक तेवढं बाहेर. तुम्ही ती बरोबर खोचली होती.

राहिलं डिपॉझिट. किल्ट आणि जाकीट उत्तम स्थितीत परत आलं, त्याचा एक पैसाही कापलेला नाही. कापले ते फक्त मोज्यांचे. तुम्ही चांगुलपणाने ते मशीनमध्ये गरम पाण्यात धुतले आणि ड्रायरमध्ये वाळवले. लोकर गरम पाण्यात घुसळली की तंतू एकमेकांत अडकतात, कापड आटून घट्ट होतं आणि पुन्हा ताणून मापावर येत नाही. पावतीवर 'न धुता परत करावे' असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. घरच्या मोज्यांनाही गार पाणी आणि सपाट जागेवर वाळवणं हाच उपाय.

पैसे परत करणार नाही, पण जोडीची पूर्ण किंमत तुम्ही भरली आहे, तेव्हा ती जोडी तुमचीच आहे. पाकिटात घालून ठेवली आहे. पत्ता कळवलात तर पोस्टाने पाठवते, टपालखर्च आमचा. तुम्हाला ती आता होणार नाही, पण घरात आठ-नऊ वर्षांचं कोणी असेल तर अगदी मापात बसेल.