काय दिवे लावलेत!

आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये बेड आहे, दोन बर्नरची शेगडी आहे, छोटं सिंक आहे, पडदे आहेत आणि स्टीअरिंगच्या मागे एक पिवळा दिवा आहे. पहिल्या चार गोष्टी आम्ही हौसेने करून घेतल्या, पाचवी गाडीने स्वतःच्या हौसेने लावून घेतली.

पहिल्यांदा लागला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, हे हेलिकॉप्टर कसलं आलंय?" मला ती नळाची तोटी वाटली. म्हटलं पाण्याची टाकी रिकामी झाली असेल, भरून घेऊ. इंजिनाचं चित्र आहे म्हणे ते. ज्याने काढलं त्याने इंजिन फक्त ऐकलं असावं. मॅन्युअल बघावं म्हटलं तर मॅन्युअल कुठे, तर बेडखालच्या कप्प्यात, आणि कप्पा उघडायचा तर आधी गादी उचला, गादी ठेवायला जागा हवी म्हणून खुर्च्या बाहेर काढा, खुर्च्या बाहेर म्हणजे पाऊस येणारच. अर्ध्या तासाने पान सापडलं, त्यावर लिहिलेलं, 'सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.' एवढ्यासाठी मी गादी भिजवली.

त्या पुस्तकातून एक मात्र कामाचं कळलं की रंग बघायचा. लाल म्हणजे जागच्या जागी थांबा, त्यातही लाल किटली दिसली तर ऑइलचं प्रेशर गेलंय, इंजिन बंद करा, वाद घालू नका. पिवळा म्हणजे जमेल तसं दाखवून घ्या. पिवळा लुकलुकायला लागला तर ते 'जमेल तसं' काढून टाका. आमचा पिवळा, आणि स्थिर. एकदम शांत. गाडी मस्त चालत होती आणि हाच खरा छळ, कारण धूर आला, खडखड झाली तर माणूस काहीतरी करतो तरी, नुसता दिवा बघून काय करायचं? एक डोळा रस्त्यावर आणि एक दिव्यावर ठेवून आम्ही २ दिवस गाडी चालवली. निसर्ग बघायला तिसरा डोळा हवा होता.

आवाज ऐक, आवाजावरून कळतं, असं सगळे सांगतात. त्यांनी कॅम्परमध्ये बसून दाखवावं. आमच्या गाडीत झाकण पातेल्यावर वाजतं, पातेलं कढईवर, कढई कपाटाच्या दारावर, दार बिजागरीवर, आणि ह्या सगळ्या ऑर्केस्ट्राच्या मागे कुठेतरी इंजिन आहे. तरी नवऱ्याने एक 'टिक् टिक्' पकडलीच. फक्त डाव्या वळणावर येते म्हणाला, इंजिनातलं टॅपेट असणार. त्या टॅपेटवर आम्ही अख्खा एक दिवस घालवला. वरच्या ड्रॉवरमधला चमचा निघाला.

मग नवऱ्याने गाडी बिघाडाचा जो कोड नोंदवते तो वाचायचा डोंगल मागवला. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात तो लावायचा आणि मोबाईलवर बघायचं. सॉकेट शोधताना नवरा दाराबाहेर लोंबणारे दोन पाय एवढाच उरला होता, आणि त्याच अवस्थेत आतून मला माहिती पुरवत होता की अमेरिकेत १९९६ पासून हे सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. मी पायांना हो हो म्हटलं.

कोड आला, पी२४६३. हा वाचून मला काय कळणार होतं देव जाणे. खाली 'कोड पुसा' असं एक बटण होतं, ते मात्र लगेच कळलं. नवऱ्याने दाबलं, दिवा गेला! आम्ही एकमेकांकडे असं बघितलं जसं काही इंजिन खोलून परत बसवलंय. ८० किलोमीटरवर परत लागला. परत पुसला. असं ४ वेळा केलं, फळ्यावरचं पुसल्यासारखं. पाचव्यांदा एका चढावर गाडीने पायच ओढायला सुरुवात केली, ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी ती आपली डुलत डुलत. ह्याला लिम्प मोड म्हणतात, इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं. मागे ट्रकांची रांग, आणि पुढे आमचं घर, खिडकीत वाळत घातलेल्या टॉवेलसकट.

गॅरेजमध्ये पोचलो आणि मग लक्षात आलं की कार दुरुस्तीला टाकली की माणूस घरी जातो. आम्ही कुठे जाणार? मेकॅनिकने घर लिफ्टवर चढवलं. माझे बूट वर, औषधं वर, चार्जर वर, आणि मी खाली आंघोळीच्या स्लिपरमध्ये, हातात टूथब्रश. जाताना फ्रीजचं दार लॉक करायचं राहिलं होतं हे वरून 'धप्' ऐकू आल्यावर आठवलं. मेकॅनिकने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता एक पाऊल बाजूला सरकला.

"ताई, कोड कोणी पुसला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा टायर बघत होता.

"कोडबरोबर त्या वेळचा स्पीड, आरपीएम, टेंपरेचर सगळं सेव्ह होतं. ते पण गेलं. चोरी झाली आणि तुम्हीच घर पुसून काढलंत."

मग त्याने विचारलं गाडी कशी चालवता. मी अभिमानाने सांगितलं, एकदम सावकाश. इथे थांबतो, तिथे थांबतो, घाई नाही, त्यासाठीच तर घेतली. तो कपाळाला हात लावायचा बाकी होता. डिझेल गाडीच्या एक्झॉस्टला काजळी अडवायला फिल्टर असतो, तो भरला की गाडी स्वतःच आतली काजळी जाळते, त्याला साधारण ६०० डिग्रीची उष्णता लागते, आणि ती यायला गाडी सलग १५-२० मिनिटं बऱ्या स्पीडने पळावी लागते. आम्ही ती कधी पळवलीच नाही. वर तिने जाळायला घेतलं की नेमकी आमची थांबायची जागा येणार आणि आम्ही चावी काढणार.

"थांबल्यावर पंखा जोरात चालू राहायचा का? गरम गरम वास?"

यायचा की! मी तर दर वेळी म्हणायचे, बिचारी दमली.

आता एवढ्या भरलेल्या फिल्टरला नुसतं पळवून भागणार नव्हतं म्हणून त्याने गाडी खाली घेतली, मोकळ्यावर लावली आणि कॉम्प्युटर जोडून जबरदस्तीने जाळायला लावली. सीटवर कोणी नाही आणि इंजिन आपोआप चढलं, घोंगावायला लागलं, आतली सगळी भांडी एका सुरात थरथरायला लागली. अर्धा तास आम्ही आपलं घर अंगात आल्यासारखं घुमताना लांबून बघत होतो. दिवा गेला. ह्या वेळी खरा गेला. जाताना मेकॅनिक म्हणाला, "अधूनमधून जोरात पळवा, आणि पंखा ओरडत असला तर चावी काढू नका, अजून एक चक्कर मारा." आयुष्यभर 'हळू चालव' म्हणून मी नवऱ्याचा कान पिळलाय, त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला बघवेना.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एका तळ्याकाठी पोचलो. संध्याकाळची वेळ, एकच जागा रिकामी, समोर पाणी. गाडी लावली, मी खुर्च्या काढायला उठले आणि पुढून पंखा घोंगावला. वासही आला. दोघं एकमेकांकडे बघत बसलो. नवऱ्याने गुपचूप रिव्हर्स टाकला.

मोठ्या रस्त्यावर १० मिनिटं तिकडे, १० मिनिटं इकडे. परत आलो तर पंखा चालूच, म्हणून तळ्यापाशी न थांबता पुढे. शेजारच्या व्हॅनमधले आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसले होते. पहिल्यांदा त्यांनी हात केला. दुसऱ्यांदा आजोबा उठून उभे राहिले आणि आमची रिकामी जागा दोन्ही हातांनी दाखवायला लागले, इथे, इथे आहे म्हणून. नवऱ्याने काच खाली करून ओरडून सांगितलं, "काजळी जाळतोय!"

तिसऱ्या चकरेला आजी-आजोबा आत जाऊन बसले होते, पडदे ओढून.