तांबट आळीतला आवाज तुम्हाला खुपतो?

आज एका ओळखीच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज वाचला आणि डोकंच फिरलं. "मागच्या आळीतली ठोकाठोक बंद करायला पालिकेत अर्ज देऊया." मागची आळी म्हणजे पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी! पेशवाईपासून तिथे तांबट तांब्याची भांडी घडवताहेत. फ्लॅट घेताना 'ऐतिहासिक परिसर' वाचून हरखलात ना? मग तो इतिहास मुका हवा होता का?

गेल्या दिवाळीआधी आईच्या लग्नातला पाणी तापवायचा बंब घेऊन मी तिथे गेले होते. बुडाशी गळत होता. तिथल्या तांबटकाकांनी आत हात घालून बोटांनीच चीर शोधली, सांधली आणि मठारायला, म्हणजे हातोडीने ठोकायला बसले. ठोक्याला ठोका लागून, सरळ ओळीत. मठारल्याने पत्रा कडक होतो, चकाकतोही. आवाज होतो, हो. दुपारची झोपमोड होत असेल, तेवढं मान्य.

पण जुन्या पेठांचं पुनरुज्जीवन म्हटलं की आपल्याला सुचतं काय? फरशा, जुन्या धाटणीचे दिवे, भिंतीवर तांबटाचं चित्र. आणि भिंतीमागचा तांबट? त्याला भट्टीपुरती जागा हवी, पत्रा उतरवायला टेम्पो दाराशी यायला हवा. पैसे देताना मी काकांना विचारलं, पुढच्या वर्षी घंगाळ आणू का? म्हणाले, "आणा, पण लवकर. जागा राहते का बघू." ते ऐकून काय बोलावं सुचेना.

वाडे पाडूच नका, असं मी म्हणत नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुरात कितीतरी वाडे गेले. उरलेल्यांत नाममात्र भाडं, भाऊबंदकी, पावसाळ्यात भिंत कधी बसेल याची धास्ती. शनिवारवाड्याभोवती १०० मीटरच्या आत नवं बांधकामच करता येत नाही. ज्यांच्या डोक्यावर छत गळतंय त्यांना 'वारसा जपा' सांगायला आपल्याला तोंड नाही.

फक्त नवी इमारत उभी राहील तेव्हा तळमजल्याचा गाळा आधी आळीतल्या कारागिराला द्या, परवडेल अशा भाड्यात. मग बँक, मग कॅफे. विश्रामबाग वाडा दुरुस्त झाला, आनंदच आहे. पण तुळशीबाग जिवंत आहे ती राममंदिराभोवती रोज दुकानं उघडतात म्हणून! कसब्यातले तांबट, कुंभार, बुरूड उठले की उरेल तो नुसता देखावा.

या गाळ्यांसाठी पालिकेला अर्ज मी आज रात्रीच लिहितेय. सही करणाऱ्यांनी खाली नाव टाका. पेठेतल्यांनी तर टाकाच.