पाणी कमी होतंय म्हणून लगेच हेड उतरवू नका

जुन्या गाड्या वापरणाऱ्यांमध्ये एक मेसेज बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, पाण्यात मिसळलेलं द्रव) पीत असेल आणि खाली एकही थेंब दिसत नसेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सांधा बंद ठेवणारं पातळ पॅकिंग, गेलं समजा. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला की खात्रीच. खर्च नको असेल तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाका, साधं पाणी भरा, रेडिएटरमध्ये लीक बंद करणारी पावडर टाका. नाहीतर गाडी विका.

मी नाशिकला जुन्या गाड्यांवर काम करतो. हा मेसेज वाचून आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "हेड उतरवायचे किती घ्याल?" पाणी नेमकं कुठून जातंय हे तोवर कुणीच बघितलेलं नसतं. हजारो रुपयांचा निर्णय असा अंदाजावर होतो, आणि धडधाकट गाड्या भंगारात जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"खाली थेंब नाही, म्हणजे गळती आतच आहे." हा सगळ्यात मोठा गैरसमज. कूलंट गळून जमिनीपर्यंत पोहोचलंच पाहिजे असं काही नाही. गरम ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टजवळ पडलेला थेंब तिथेच वाळतो आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरवड राहते. वॉटर पंपाला खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील झिजलं की पाणी आधी तिथून झिरपतं, पण पट्टा आणि कव्हरच्या आड ते दिसत नाही. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा गाडी तापल्यावर पाझरतो आणि पंख्याच्या वाऱ्याने तिथल्या तिथे सुकतो. हीटरची जाळी डॅशबोर्डच्या आत असते. ती गळली तर पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरतं, काचेवर चिकट धुकं धरतं आणि केबिनमध्ये गोडसर वास येतो. इंजिनखाली संरक्षक ट्रे असेल तर उरलंसुरलं पाणी तोच झेलतो.

आणि रेडिएटरचं झाकण! दोन-चारशे रुपयांची ही वस्तू कुणी तपासतच नाही. कुकरच्या शिट्टीसारखं ते ठरावीक दाब धरून ठेवतं. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. स्प्रिंग मऊ पडली की कूलंट वेळेआधी बाजूच्या जादा कूलंटच्या बाटलीत ढकललं जातं आणि बाटली भरली की ओव्हरफ्लो नळीतून रस्त्यावर सांडतं. घाट चढताना हे घडतं आणि घरी पार्किंगमध्ये जमीन कोरडी असते.

पंचवटीतल्या एका काकांच्या गाडीचं उदाहरण सांगतो. वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी. उन्हाळ्यात बाटलीची पातळी जागची हलायची नाही, पण डिसेंबर-जानेवारीत कमी व्हायची. सकाळी धूरही पांढरा. दोन ठिकाणी त्यांना हेड उतरवायला सांगितलं होतं. आम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी स्टार्ट न करताच हातपंपाने झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरला. थोड्या वेळात इंजिनच्या मागे, केबिनच्या पत्र्याजवळच्या हीटर पाइपच्या क्लिपपाशी थेंब धरला. थंडीत रबर कडक होऊन आक्रसतं, जुनी क्लिप सैल पडते. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि गळती आपोआप थांबते. झिरपलेलं पाणी गिअरबॉक्सवर उतरून वाळत होतं, त्याची खरवड तिथे स्पष्ट होती. निफाडचा पारा पाच अंशांखाली जातो त्या दिवसांत नाशिकच्या जुन्या गाड्यांना हा त्रास होऊ शकतो, आणि तो फक्त थंड इंजिनवर सापडतो. गॅरेजला पोहोचेपर्यंत गाडी तापते, मग गळती दिसत नाही आणि आळ गॅस्केटवर येतो.

"पांढरा धूर म्हणजे गॅस्केट." पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. थंड सकाळी ती सायलेन्सरबाहेर पांढरी दिसते आणि गाडी तापली की नाहीशी होते. पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर सुरू राहिला आणि त्याला गोड वास असेल, तर शंका रास्त आहे. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारी पांढरट साय ही तशीच गोष्ट: रोज शहरातल्या कॉलेज रोडपुरतीच गाडी फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ तिथे जमते. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलसुद्धा दुधाळ झालं असेल, तर मात्र गाडी चालवू नका.

गॅस्केटबद्दल निकाल देणारी सोपी चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून इंजिन चालू ठेवून रेडिएटरमधली हवा त्यातून ओढतात. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडतो. शिवाय थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर तेही लक्षण धरा. यातलं काही न करता "हेड गेलं" सांगणाऱ्याला चाचणी करून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

"साधं पाणी चालतं." घाटात अडकलात तर चालतं, अगदी बिनधास्त घाला, फक्त गरम इंजिनचं झाकण उघडू नका. ती वाफ चेहरा भाजते. पण कायमचं साधं पाणी नको. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहे, इथे उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. 0.9 बारचं चांगलं झाकण ही मर्यादा 117-118 अंशांवर नेतं आणि निम्मं कूलंट असेल तर ती आणखी आठ-दहा अंश वर जाते. कसारा घाटात एसी लावून चढताना हे अंश मोलाचे ठरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गंज. बोअरच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, गंजरोधक नसल्यामुळे ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही खाल्लं जातं, आणि आज नसलेली गळती पुढे होऊ शकते. घट्ट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हेच बरोबर. काढलेलं जुनं कूलंट मात्र गटारीत ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

"थर्मोस्टॅट काढा." तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो. काढला तर इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. गळतीशी त्याचा काही संबंध नाही.

"पावडर टाका." पावडर गळतीचं छिद्र ओळखत नाही, जिथे वाट अरुंद तिथे बसते. हीटरची जाळी आणि रेडिएटरच्या नळ्या आधी तुंबतात. मग गाडी खरोखर गरम व्हायला लागते आणि मूळ गळती शोधणंही अवघड होतं.

घरी करायचं ते एवढंच. सकाळी इंजिन थंड असताना बाटलीवर पातळीची खूण करा आणि रोज त्याच वेळी बघा. गरम कूलंट फुगतं, त्यामुळे संध्याकाळची पातळी फसवते. नुकतंच कूलंट बदललं असेल तर आतली हवा निघेपर्यंत पातळी थोडी उतरते, ती गळती नव्हे. एसी लावल्यावर डावीकडे टपकणारं स्वच्छ पाणीही गळती नाही. बोटाला बुळबुळीत लागलं तरच ते कूलंट. एवढ्यावर सापडलं नाही तर थंड इंजिनवर दाबाची चाचणी करा, आणि तरीही नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून चार दिवस गाडी चालवा. रात्री अतिनील टॉर्च मारला की वाळलेला मागसुद्धा उजळतो.

एवढं करून गॅस्केटच गेल्याचं ठरलं, तर हेड जरूर उतरवा. मात्र नवं गॅस्केट बसवण्याआधी हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ते वाकलंय का ते तुमच्यासमोर तपासून घ्या. वाकलेल्या हेडवर बसवलेलं नवं गॅस्केट फार काळ टिकत नाही.