रवंथ

परवा नागपूरच्या धरमपेठेत आमच्या वाचनगटाची बैठक होती. मागच्या महिन्यातल्याच एका मुद्द्यावर मी पुन्हा बोलायला लागले, तर एक जण म्हणाले, "तेच ते रवंथ पुरे आता." मी गप्प बसले. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना.

माझं लहानपण काटोलकडच्या खेड्यातलं. रात्री कंदील घेऊन बाबा गोठ्यात चक्कर मारायचे, तेव्हा ते एकच बघायचे, बसलेलं जनावर रवंथ करतंय का. "रवंथ चालू हाय ना, मंग काई काळजी नाई." रवंथ थांबलं म्हणजे जनावर बिमार, लगेच डॉक्टरकडे माणूस धाडायचा. आमच्या घरात रवंथ म्हणजे तब्येतीची खूण होती.

गाय चरताना घाईघाईनं गिळते. मग सावलीत बसून तोच घास पुन्हा तोंडात आणते नि बारीक चावते, दिवसाचे ६ ते ८ तास. तेव्हा कुठे खाल्लेलं अंगी लागतं.

संस्कृतातल्या 'रोमन्थ'चा आपला रवंथ झाला. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो, तेव्हा तो म्हणतो की हरणांच्या कळपांनी आता सावलीत बसून रोमन्थ करावा. तिथे कालिदासानं क्रियापद वापरलंय 'अभ्यस्यतु'. आपला 'अभ्यास' त्याच धातूचा! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते. तिकडे लॅटिनमध्येही गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यावरून, 'रुमेन'वरून, रवंथ करण्याचं क्रियापद झालं, आणि इंग्रजीतलं 'रुमिनेट' खोल विचारासाठी वापरतात.

आपल्याकडे चिंतन आहे, पण त्याच्या सख्ख्या नात्यात चिंता आहे. दोन्ही 'चिन्त्' धातूचे. मनन मला जास्त जवळचं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी आपल्या बायकोला, मैत्रेयीला सांगतो, आधी ऐकायचं, मग मनन करायचं, मग निदिध्यास, म्हणजे त्याचंच अखंड ध्यान. ऐकणं म्हणजे चरणं, आणि मनन म्हणजे रवंथच की, असं मला मनापासून वाटतं.

शिळं तेच पुन्हा उगाळणं वेगळं. त्याला 'उगाळणं' हा शब्द आहेच, तो वापरा ना. रवंथाला का बदनाम करता?

पुढच्या बैठकीत मी तोच मुद्दा परत काढणार आहे. या महिनाभरात तो मला आधीपेक्षा बराच वेगळा दिसायला लागलाय.