मानसिक आजार पॉलिसीत आले, ओपीडीत नाही

‘मानसिक आजार आता विम्यात आले आहेत. उरलेली अडचण तज्ज्ञांच्या तुटवड्याची. तिथे विमा कंपन्या काय करणार? हे काम साध्या डॉक्टरांकडे दिले तर गुण येणार नाही, हप्ते मात्र वाढतील,’ अशा आशयाचा मजकूर बराच पसरला आहे.

पहिले विधान कागदावर खरे आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे आहे. तरीही २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला एका कंपनीस ते बजावावे लागले. खरी मेख पुढेच आहे. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चापुरत्या असतात आणि नैराश्याचा रुग्ण सहसा दाखल होतच नाही. झोप लागत नाही, डोके जड वाटते, अंगात त्राण नाही, अशा तक्रारी घेऊन तो फॅमिली डॉक्टरकडे जातो आणि ताकदीच्या गोळ्या व ‘टेन्शन घेऊ नका’ एवढा सल्ला घेऊन परततो. अशा भेटीत नैराश्य ओळखणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ चाचणी घ्यायला आणि समुपदेशकाकडे पाठवायला पॉलिसी सहसा पैसे देत नाही.

तज्ज्ञांवाचून गुण येत नाही, या समजाला गोव्यातच उत्तर मिळाले आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेच्या चाचणीत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. याच संस्थेच्या २०१० च्या अभ्यासात मात्र असा फरक सरकारी केंद्रांत दिसला, खासगी दवाखान्यांत नाही, हेही सांगायला हवे. तेव्हा खासगी दवाखान्यांत ही पद्धत जशीच्या तशी उतरवून चालणार नाही. विमा कंपन्यांनी तिथे आधी लहान प्रमाणावर ती पडताळून पाहावी.

हप्त्यांची भीती उरते. अमेरिकेतील ‘इम्पॅक्ट’ अभ्यासात वृद्ध रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यातच एकत्रित सेवा दिली, म्हणजे मूळ डॉक्टर, पाठपुरावा करणारा कर्मचारी आणि सल्लागार मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून उपचार केले, तेव्हा चार वर्षांचा एकूण वैद्यकीय खर्च नेहमीच्या उपचारांपेक्षा वाढला तर नाहीच, उलट कमी भरला. तिथला ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा २०१७ पासून या सेवेचे पैसे महिन्याच्या हिशेबाने देतो. त्या कर्मचाऱ्याच्या कामाची पहिल्या महिन्यासाठी ७० मिनिटे आणि पुढच्या महिन्यांसाठी ६० मिनिटे धरली जातात. बिल मूळ डॉक्टरांच्या नावे होते आणि पाठपुरावा करणाऱ्या कर्मचाऱ्याचे श्रम त्यातच येतात. सल्लागार मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाला प्रत्यक्ष पाहिलेच पाहिजे, अशी अटही नाही. त्यामुळे एका तज्ज्ञाचा वेळ कितीतरी अधिक रुग्णांना पुरतो. आपल्याकडचा तुटवडा पाहता, विमा कंपन्यांनी पहिल्यांदा उचलावी अशी तरतूद हीच आहे.